उंदरांवर सिद्ध झालंय, म्हणजे नेमकं काय झालंय?

‘गुळवेलीवर संशोधन झालंय हो, उंदरांवर सिद्ध झालंय. यकृत सुधारतं, प्रतिकारशक्ती वाढते.’ कोविडच्या साथीत हे वाक्य घराघरांत पोहोचलं आणि अजून मुक्कामाला आहे. अंगठ्याएवढ्या जाडीचं कांड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि सकाळी ते कडू पाणी अनशापोटी घ्यायचं, असा नेम कितीतरी घरांत चालतो. कुणी शंका काढली की उंदीर पुढे केले जातात. हे उंदीर खरेच आहेत. त्यांच्यावरचं संशोधनही खरं आहे आणि त्यातलं उत्तम काम आपल्या मुंबईत झालं आहे. म्हणूनच ते न वाचता त्याच्या नावावर काहीही खपवलं जातं, तेव्हा राग येतो.

मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात गुळवेलीच्या पाण्यातल्या अर्कावर काम केलं. पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अनेकदा जंतुसंसर्गाने दगावतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. प्रयोगशाळेत त्यांनी तीच अवस्था उंदरांत निर्माण केली. पित्तनलिका बांधली की पित्त तुंबतं, कावीळ होते आणि जंतूंना गिळणाऱ्या पेशी मंदावतात. या पेशी पोटाच्या पोकळीतून बाहेर काढून किती जंतू गिळतात आणि गिळलेल्यांपैकी किती मारतात, हे मोजता येतं. पुढे या प्राण्यांना ई. कोलाय जंतूंचा संसर्ग केला. 1989 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आलेल्या निबंधानुसार अर्क न दिलेल्या गटात सुमारे 78 टक्के प्राणी मेले, अर्क दिलेल्या गटात सुमारे 17 टक्के.

फरक मोठा आहे. पण सिद्ध काय झालं? पित्त तुंबल्यामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खचली होती, त्या प्राण्यांच्या पेशी अर्काने पुन्हा कामाला लागल्या, एवढंच. धडधाकट माणसाने रोज कांडाचं पाणी प्यावं, असं त्या निबंधात कुठेही सिद्ध झालेलं नाही.

हे संशोधक उंदरांपाशी थांबलेही नाहीत, आणि ‘उंदरांवर सिद्ध’ म्हणणाऱ्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. 1993 साली अशाच काविळीच्या 30 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच्या जोडीला वजनाच्या दर किलोमागे रोज 16 मिलिग्रॅम अर्क. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, अर्काच्या गटात एकाच्याही नाही. मात्र यकृताचं कार्य दोन्ही गटांत सारखंच राहिलं. फरक पडला तो पांढऱ्या पेशींच्या कामात. ‘यकृत सुधारतं’ म्हणून ज्या संशोधनाचे दाखले देतात, त्यातलं हे वाक्य कुणी वाचलेलं नसतं! शिवाय रुग्ण 30, सगळे रुग्णालयात देखरेखीखाली, अर्क प्रमाणित आणि मुदत मर्यादित.

मग यकृताचं रक्षण हा दावा आला कुठून? अशा बहुतेक प्रयोगांत उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे विष देऊन यकृत बिघडवतात, अर्क देतात आणि रक्तातली एसजीपीटी, एसजीओटी ही विकरं कमी चढली का ते पाहतात. कमी चढली, तर त्या विषापासून काही बचाव झाला म्हणायचं. दारू, चरबी किंवा हिपॅटायटिसच्या विषाणूने बिघडलेलं यकृत ही वेगळी दुखणी आहेत.

‘पण उंदरांना काही अपाय तर झाला नाही ना?’ हा पुढचा प्रश्न. प्रयोगातले उंदीर एका वाणाचे, एका वयाचे, तरुण आणि निरोगी असतात. त्यांना थायरॉइड, मधुमेह नसतो, चार गोळ्या चालू नसतात आणि गट बहुधा सहा ते दहांचा असतो. समजा, एखाद्या औषधाचा गंभीर अपाय हजारात एकाला होतो. तो निदान एकदा तरी दिसेल याची 95 टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे 3000 जणांना ते द्यावं लागेल. सहा उंदरांत तो दिसला नाही यात नवल काय?

गुळवेलीचा अपाय माणसांत दिसला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा होऊन आले आणि 2021 मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही. आक्षेप गैर नव्हता, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीची चुलत बहीण यकृताला घातक ठरू शकते. पण 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद आली आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. आता केईएमचे ते प्राणी आठवा. मंदावलेल्या पेशींना चेतवणं हाच तिथे अर्काचा गुण होता. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या यकृतावर उलटायच्या बेतात आहे, त्याला हाच गुण भोवू शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य ऐकून प्रत्येकाने खूश व्हावं, असं त्यात काही नाही.

डोसाचा घोळ तर जाता जाता होतो. उंदराला किलोमागे 100 मिलिग्रॅम दिले म्हणून माणसालाही तेवढेच, असा गुणाकार करायचा नसतो. शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरला, तर प्रयोगातल्या मोठ्या पांढऱ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा, डोस साधारण सहाने भागावा लागतो. 100 चे 16 होतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला एक ग्रॅमच्या आत. तोही सुकवलेल्या अर्काचा. घरच्या पेल्यात किती उतरतं, ते वेलीचं वय, हंगाम आणि भिजवण्याची वेळ यांवर ठरतं.

बाकीचे समज थोडक्यात. कडुनिंबावर चढलेली गुळवेल बाधत नाही, असं म्हणतात. वर सांगितलेला धोका आधाराच्या झाडामुळे टळतो, याला पुरावा नाही. कुंपणावरची कुठलीही हृदयाकृती पानांची वेल गुळवेल नसते. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी दाटीने असतात, पण खात्री जाणकाराकडूनच करून घ्यावी. झाडपाल्याला दुष्परिणाम नसतात म्हणणाऱ्यांनी कण्हेर आणि धोतरा आठवावा. उंदरांची साखर उतरली म्हणून मधुमेहाच्या गोळ्या सोडू नयेत. त्या उंदरांचा मधुमेह बहुधा स्वादुपिंडातल्या पेशी रसायनाने मारून आणलेला असतो. आणि ‘प्राण्यांवरचे प्रयोग फुकट’ हेही तितकंच चूक. केईएमचे प्राणी नसते, तर त्या 30 रुग्णांपर्यंत कुणी पोहोचलंच नसतं.

गुळवेल घेणाऱ्याला मळमळ, न जाणारा थकवा, गडद पिवळी लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ती त्याच दिवशी थांबवून रक्ताची एलएफटी, म्हणजे यकृताच्या कार्याची, तपासणी करावी आणि काय, किती, किती दिवस घेतलं ते डॉक्टरांना सांगावं. रुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, सोरायसिस यांसारखे स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर मुळीच नाही, कारण त्यांच्या रोजच्या गोळ्या प्रतिकारयंत्रणा दाबून ठेवण्यासाठी असतात आणि हा अर्क तिला चेतवण्यासाठीच ओळखला जातो.