वेबसॉकेटसाठी रिव्हर्स प्रॉक्सी

वेबसॉकेटसाठी रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर यांच्यामध्ये राहून वेबसॉकेट जोडण्या दोन्ही दिशांनी वाहून नेणारा मध्यस्थ सर्व्हर होय. एनजिन्क्स, अपाची एचटीटीपी सर्व्हर आणि एचएप्रॉक्सी ही या कामासाठी वापरली जाणारी प्रमुख मुक्त स्रोत सॉफ्टवेअरे आहेत. गप्पांची ॲप, सामन्यांचे थेट धावफलक, शेअरबाजाराचे बदलते भाव आणि अनेकांनी एकाच वेळी संपादित करावयाचे दस्तऐवज यांच्यामागे बहुधा अशी रचना असते.

साध्या संकेतस्थळासाठी नीट चालणारी प्रॉक्सीची मांडणी वेबसॉकेटला आपोआप पुरत नाही. जोडणी सुरू करणारे हेडर प्रॉक्सी स्वतःहून पुढे पाठवत नाही, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण असे की, एकदा सुरू झालेली जोडणी तासन्‌तास उघडी राहू शकते. प्रॉक्सीच्या पूर्वनिर्धारित मर्यादा मात्र अल्पजीवी विनंत्या गृहीत धरून ठरवलेल्या असतात.

पार्श्वभूमी

एचटीटीपीमध्ये ब्राउझर विनंती करतो आणि सर्व्हर उत्तर देतो. विनंतीवाचून सर्व्हरला काही कळवता येत नाही. ही मर्यादा दूर करण्यासाठी २००८ पासून वेबसॉकेटचा आराखडा आकारास आला आणि डिसेंबर २०११ मध्ये आयईटीएफने तो आरएफसी ६४५५ या क्रमांकाने प्रमाणित केला.

मध्यस्थ सर्व्हरांचा प्रश्न या प्रोटोकॉलच्या घडणीतच गुंतलेला आहे. काही मध्यस्थांना वेबसॉकेटचा आरंभिक व्यवहार समजत नाही आणि त्यानंतरचा मजकूर ते नवी एचटीटीपी विनंती समजतात, असे २०१० च्या अखेरीस दिसून आले. त्याचा गैरफायदा घेऊन त्यांच्या साठ्यात खोटी पाने घुसवणे शक्य होते. त्यामुळे फायरफॉक्स आणि ऑपेरा यांनी ही सुविधा काही काळ बंद ठेवली. अंतिम प्रमाणकात ब्राउझरकडून जाणारी प्रत्येक चौकट ३२ बिटांच्या यादृच्छिक किल्लीने झाकणे सक्तीचे झाले, ते याच कारणाने.

एनजिन्क्समध्ये वेबसॉकेट पुढे नेण्याची सोय १.३.१३ या आवृत्तीपासून (२०१३) आली. अपाचीच्या २.४ मालिकेत त्यासाठी स्वतंत्र मॉड्यूल होते, २.४.४७ पासून हे काम एचटीटीपीचे नेहमीचे प्रॉक्सी मॉड्यूलही करू शकते.

हस्तांदोलन

वेबसॉकेटची सुरुवात साध्या एचटीटीपी १.१ विनंतीने होते. तिच्यात 'अपग्रेड' या हेडरचे मूल्य 'वेबसॉकेट' आणि 'कनेक्शन' या हेडरचे मूल्य 'अपग्रेड' असते. सोबत १६ यादृच्छिक बाइटांपासून तयार केलेली एक किल्ली जाते. सर्व्हर त्या किल्लीला प्रमाणकात दिलेली ठरावीक अक्षरमाला जोडतो, त्यावरून शा-१ पद्धतीने उत्तर काढतो आणि १०१ या स्थितिसंकेतासह ते परत पाठवतो. यानंतर त्याच टीसीपी जोडणीवर एचटीटीपीचे नियम संपतात आणि वेबसॉकेटच्या चौकटी सुरू होतात.

एचटीटीपीचे काही हेडर मूळ सर्व्हरपर्यंत जाण्यासाठी असतात, तर काही केवळ एका टप्प्यापुरते, म्हणजे थेट जोडलेल्या दोन यंत्रांपुरतेच असतात. 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्रॉक्सीने ते जसेच्या तसे पुढे न पाठवणे हा दोष नसून नियमाचे पालन आहे. म्हणून पुढच्या टप्प्यासाठी ते नव्याने लिहिण्याची सूचना प्रॉक्सीला स्पष्टपणे द्यावी लागते.

एनजिन्क्समधील मांडणी

एनजिन्क्समध्ये मांडणीचे तीन भाग पडतात. पहिला, ॲप्लिकेशन सर्व्हरशी एचटीटीपी १.१ वापरण्याचा निर्देश. या टप्प्यासाठी दीर्घकाळ १.० हीच पूर्वनिर्धारित आवृत्ती होती आणि १.० मध्ये अशा प्रकारे प्रोटोकॉल बदलता येत नाही. दुसरा, ब्राउझरकडून आलेले 'अपग्रेड'चे मूल्य पुढील विनंतीत भरण्याचा निर्देश. तिसरा, 'कनेक्शन' हेडर लिहिण्याचा निर्देश.

एकाच पत्त्यावर साधी पाने आणि वेबसॉकेट दोन्ही असल्यास 'कनेक्शन'चे मूल्य सरसकट 'अपग्रेड' ठेवणे योग्य नसते. अशा वेळी 'मॅप' या निर्देशाने अट घालतात : विनंतीत 'अपग्रेड' हेडर असेल तर 'अपग्रेड', नसेल तर 'क्लोज'.

'होस्ट' हेडरही महत्त्वाचे ठरते. विशेष सूचना नसल्यास एनजिन्क्स त्यात प्रॉक्सीच्या निर्देशात लिहिलेले अंतर्गत सर्व्हरचे नाव भरतो. अनेक ॲप्लिकेशन सर्व्हर 'ओरिजिन' आणि 'होस्ट' यांची तुलना करतात; ती जुळली नाही तर ते बहुधा ४०३ हा संकेत देऊन जोडणी नाकारतात. त्यामुळे मूळ 'होस्ट' पुढे पाठवणे इष्ट असते.

कालमर्यादा

हस्तांदोलनानंतर प्रॉक्सी केवळ बोगद्यासारखा असतो. एका बाजूने आलेले बाइट तो दुसऱ्या बाजूला देतो. तरीही शांततेची मर्यादा लागू राहते. एनजिन्क्समध्ये ॲप्लिकेशन सर्व्हरकडून वाचण्याची पूर्वनिर्धारित मर्यादा ६० सेकंद आहे. ती जोडणीच्या एकूण आयुष्याला लागू नसून लागोपाठच्या दोन वाचनांमधील अंतराला असते. एचएप्रॉक्सीमध्ये बोगद्यासाठी 'टाइमआउट टनेल' ही वेगळी मर्यादा ठरवता येते.

मर्यादा वाढवणे हा एक उपाय होय. पण ती फार मोठी ठेवल्यास, नेटवर्क तुटलेल्या मोबाइलच्या मृत जोडण्याही प्रॉक्सीवर साचून राहतात. म्हणून सर्व्हरने मर्यादेपेक्षा कमी अंतराने, उदाहरणार्थ दर ३० सेकंदांनी, 'पिंग' चौकट पाठवणे अधिक चांगले. तिला ब्राउझर आपोआप 'पाँग'ने उत्तर देतो. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला 'पिंग' चौकट पाठवता येत नाही, त्यामुळे ही जबाबदारी सर्व्हरकडे येते.

क्षमता आणि भारसंतुलन

प्रत्येक ग्राहकामागे प्रॉक्सीला दोन जोडण्या सांभाळाव्या लागतात : एक ब्राउझरशी आणि एक ॲप्लिकेशन सर्व्हरशी. एनजिन्क्सच्या एका कार्यप्रक्रियेची पूर्वनिर्धारित मर्यादा ५१२ जोडण्यांची असल्याने ती सुमारे अडीचशे ग्राहकांतच संपते. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी सामान्यतः ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट राखलेले असतात. म्हणजे एका आयपी पत्त्यावरून सर्व्हरच्या एकाच पत्त्याकडे व पोर्टकडे सुमारे २८,००० जोडण्याच होऊ शकतात.

वेबसॉकेट एकदा जुळल्यावर शेवटपर्यंत त्याच सर्व्हरशी बांधलेले राहते. नवा सर्व्हर जोडला तरी जुन्या जोडण्या त्याच्याकडे सरकत नाहीत. एनजिन्क्सची मांडणी पुन्हा वाचून घेतल्यास जुन्या कार्यप्रक्रिया आपल्या जोडण्या संपेपर्यंत चालू राहतात, तर प्रॉक्सी पूर्ण बंद केल्यास सर्व ग्राहक एकदमच परत जोडू पाहतात. हा लोंढा टाळण्यासाठी पुनर्जोडणीपूर्वी प्रत्येक ग्राहकाने यादृच्छिक काळ थांबावे, अशी योजना करतात.

सुरक्षा

टीएलएस एन्क्रिप्शन बहुधा प्रॉक्सीवरच उलगडले जाते. त्यापुढचा टप्पा उघडा राहिल्यास अंतर्गत जाळे विश्वासार्ह असणे आवश्यक ठरते. एका संकेतस्थळावरील पानाला दुसऱ्याचा प्रतिसाद वाचू न देणारे ब्राउझरचे बंधन वेबसॉकेटला लागू नाही. कुकीची मर्यादा आड येत नसेल तर परक्या संकेतस्थळावरील पान वापरकर्त्याच्या कुकीसह जोडणी उघडू शकते. त्यामुळे 'ओरिजिन' हेडर प्रॉक्सीने अबाधित पुढे द्यावे आणि ॲप्लिकेशन सर्व्हरने ते तपासावे.

दोषनिदान

पान उघडते, लॉगिन होते, पण थेट माहिती येत नाही, हे अपुऱ्या मांडणीचे नेहमीचे लक्षण आहे. १०१ ऐवजी ४०० किंवा ४२६ हा संकेत आल्यास हेडर पोहोचत नसल्याची शक्यता अधिक असते. जोडणी जुळून बरोबर ६० सेकंदांच्या शांततेनंतर तुटत असेल, तर कालमर्यादा तपासावी. ब्राउझरमध्ये दिसणारा १००६ हा संकेत समारोपाची चौकट न येता जोडणी तुटल्याचे एवढेच दर्शवतो. कारण शोधण्यासाठी प्रॉक्सीच्या आणि सर्व्हरच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

नवीन आवृत्त्या

एचटीटीपी २ मध्ये 'अपग्रेड' हेडर नाही. तेथे 'कनेक्ट' पद्धतीचा विस्तार करून वेबसॉकेट सुरू करण्याची रीत आरएफसी ८४४१ (२०१८) ने घालून दिली. एचटीटीपी ३ साठी तीच कल्पना आरएफसी ९२२० (२०२२) मध्ये आहे. मार्गातील प्रॉक्सीला हा विस्तार येत नसल्यास ब्राउझर वेबसॉकेटसाठी एचटीटीपी १.१ ची वेगळी जोडणी उघडतो.

हेही पहा

एचटीटीपी
ट्रान्सपोर्ट लेयर सिक्युरिटी
भारसंतुलन