जत्रेचा उजेड जिवावर बेतू नये

नवरात्रात अंबडला मत्स्योदरी देवीची यात्रा, अंगारकीला राजूरच्या गणपतीला गर्दी, रामनवमीला जांब समर्थचा उत्सव. शिवाय गावोगावचे सप्ताह, उरूस आणि लग्नं वेगळीच. मांडव पडला की पहिला प्रश्न येतो तो लाईटचा. अन् उत्तर ठरलेलं असतं: "टाका आकडा, दोन दिवसांचं तर काम!"

हे दोन दिवसांचं कामच घात करतं. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली इथं शाळेच्या समारंभात मांडवानं पेट घेतला आणि ४४२ माणसं गेली, त्यात बहुतेक लेकरं. २७ एप्रिल २०२२ रोजी तमिळनाडूत तंजावरजवळ रथाचा कळस उच्चदाबाच्या तारेला लागून ११ जण दगावले.

राष्ट्रीय विद्युत संहितेत तात्पुरत्या उघड्यावरच्या वायरिंगसाठी वेगळा विभागच आहे. मांडवातल्या आगीपासून बचावासाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. सार एवढंच, की काम दोन दिवसांचं असलं तरी नियम कायमच्या वायरिंगइतकेच कडक.

गावात हमखास होणारी चूक म्हणजे एकच फेज ओढायची आणि न्यूट्रलसाठी जमिनीत गज ठोकायचा. त्या गजाभोवतीची ओली माती वीज धरते. अनवाणी माणूस किंवा बैल तिथं गेला की संपलं. दुसरी चूक, "एमसीबी आहे ना!" हा भरवसा. सहा अँपिअरचा एमसीबी ६००० मिलिअँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी हवाच. त्याचं टेस्टचं बटण दाबून रोज खात्री करावी.

मंडळांनी आणि ग्रामपंचायतीनं एवढं पाहावं:

१) महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. आकडा ही चोरी आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२) काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, तपासणीचा दाखला मागावा.

३) लोखंडी पाईप, पत्र्याची कमान, पाळणा, स्टेज यांना अर्थिंग करावं. वायर पाईपाला गुंडाळू नये.

४) जोड चिकटपट्टीचा नको, कनेक्टरचा असावा. ढिला जोड तापतो आणि कापड पेटतं. हॅलोजन कापडापासून लांब ठेवावा.

५) मेन स्विच हाताशी, पण पोरांच्या आवाक्याबाहेर असावा.

६) उच्चदाबाच्या तारांखाली मांडव नको. रस्ता ओलांडणारी तार ५.८ मीटर, म्हणजे एकोणीस फूट उंच हवी. कापसाची ट्रॉली, पालखीचा झेंडा हे ध्यानात घ्यावं.

७) जनरेटरला चेंजओव्हर स्विच लावावा. नाहीतर वीज उलटी लाईनीत जाते आणि खांबावरचा वायरमन मरतो.

कुणाला शॉक बसलाच तर आधी मेन बंद करावा, मग हात लावावा. माणूस असो की जनावर, अपघाताची खबर २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते.

वर्गणी गोळा करताना लाऊडस्पीकर, मांडव, महाप्रसाद यांचा हिशेब मांडतो. त्यातच एक ओळ ईएलसीबी आणि अर्थिंगची घालावी. देवाच्या दारातून प्रत्येकजण धडधाकट घरी परतला, तरच जत्रा पावली म्हणायची.