जुन्या मालकाचा ग्राहक आणि स्वतंत्र व्यवसाय : कायद्याची बाजू

उर्दू, मराठी आणि इंग्रजी जाणणारा एक पदवीधर बेळगावातील किंवा हैदराबादेतील एखाद्या अनुवाद संस्थेत पगारावर काम करतो, असे समजू. तीन-चार वर्षांनी तो नोकरी सोडतो. महिनाभरात संस्थेच्याच एका ग्राहकाचा फोन येतो : "तुमचे काम आम्हाला पसंत आहे. यापुढे थेट तुम्हीच करून द्याल का?" घरखर्च समोर उभा असतो. पण नेमणूकपत्रातील एक अट आठवते, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षे संस्थेच्या कोणत्याही ग्राहकाचे काम करणार नाही. अशा वेळी कोणी भीतीने हातचे काम सोडून देतो, तर कोणी संस्थेची सगळी ग्राहकयादीच घरी घेऊन जातो. दोघेही कायदा न समजल्यामुळे आपले नुकसान करून घेतात.

कलम 27 चा आशय

भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 27 नुसार, कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय वा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. कलमातच दिलेला अपवाद धंद्याच्या नावलौकिकाच्या विक्रीचा आहे. दुकान नावासकट विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येते. इंग्लंडमध्ये नोकरीनंतरचे बंधन वाजवी असेल तर न्यायालय ते मान्य करते; आपल्या कलमात तशी सवलत नाही. त्यामुळे परदेशी मसुद्यांवरून उतरवलेली अट नेमणूकपत्रात छापलेली असली, तरी ती येथे टिकेलच असे नाही. हा कायदा गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा अशा सर्व राज्यांत एकच आहे.

नोकरीत असताना आणि नंतर

येथे काळाचा भेद महत्त्वाचा आहे. निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात कल्याणच्या कारखान्यातील कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार मध्येच सोडून प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये त्याच्यावरील मनाई कायम ठेवली. कारण बंधन कराराच्या मुदतीतले होते. याउलट श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या खटल्यात करार संपल्यावरही नवा देकार आधी जुन्या कंपनीपुढे ठेवण्याची अट होती. मुदतीनंतर ती लागू करणे कलम 27 च्या विरुद्ध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिला.

म्हणून नोकरीत असतानाच मालकाच्या ग्राहकाचे खाजगी काम घेणे हा करारभंग ठरू शकतो. नोटीस कालावधी हाही नोकरीचाच भाग असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

ग्राहक कोणाचा, यादी कोणाची?

अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले, की ग्राहकांची माहिती जमवून ती गोपनीय असल्याचे सांगितल्याने त्या ग्राहकांवर मालकाची मक्तेदारी निर्माण होत नाही. मात्र त्याच न्यायालयाने 2009 मध्ये डेसिकंट रोटर्स खटल्यात माजी कर्मचाऱ्याच्या नव्या नोकरीवरील बंदी नाकारली, तरी जुन्या कंपनीच्या ग्राहकांकडे स्पर्धेचे काम मागायला जाण्यास मनाई ठेवली. तेव्हा ग्राहक आपणहून येणे आणि आपण त्याच्याकडे जाणे यांत फरक पडतो. ग्राहकाचा पहिला निरोप जपून ठेवावा, तो याच कारणाने.

यादीची गोष्ट वेगळी आहे. परिश्रमाने तयार केलेल्या ग्राहकयादीला लेखाधिकाराचे संरक्षण मिळते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 1995 मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंग खटल्यात मान्य केले. परवानगीवाचून संगणकातील माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 खाली येते. ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तसेच लेखाधिकार कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीत केलेल्या कामाचा प्रथम मालक नियोक्ता असतो. म्हणून जुने अनुवाद नव्या कामात जसेच्या तसे वापरू नयेत. भाषेवरचे प्रभुत्व मात्र अनुवादकाचे स्वतःचे असते.

ग्राहकाच्या बाजूचा करार

कधी ग्राहकानेच संस्थेला 'तुमची माणसे फोडणार नाही' असे लिहून दिलेले असते. विप्रो विरुद्ध बेकमन कूल्टर खटल्यात दोन कंपन्यांमधील अशी अट दिल्ली उच्च न्यायालयाने 2006 मध्ये वैध मानली. ती कर्मचाऱ्यांना बांधत नाही, परंतु ग्राहक कंपनी नुकसानभरपाईस पात्र ठरू शकते. काम स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाला याविषयी स्पष्ट विचारणे उभयतांच्या हिताचे आहे.

काम घेण्यापूर्वी

नेमणूकपत्र आणि गोपनीयतेचा करार पूर्ण वाचावा. कार्यमुक्तीचे पत्र हाती घ्यावे. संस्थेची कागदपत्रे, फाइली व पासवर्ड परत करून पोच घ्यावी. ग्राहकाशी काम, दर, मुदत आणि लेखाधिकार यांविषयी लेखी करार करावा. अट शून्य असली तरी दावा दाखल होऊ शकतो आणि त्याचा खर्च सोसावा लागतो. म्हणून कायदेशीर नोटीस आल्यास ती बाजूला न टाकता वकिलामार्फत उत्तर द्यावे.

समारोप

सूरह अल्-माइदाच्या आरंभीच करार पाळण्याची आज्ञा आहे आणि सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. या दृष्टीने पाहता मालकाची यादी व कागद ही अमानत आहे. ती परत करावीच लागते. शिकलेला हुनर मात्र माणसाबरोबर जातो आणि त्यावर हलाल रोजी मिळवण्याचा त्याचा हक्क कायदाही मान्य करतो. आपले विद्यार्थी पहिले नेमणूकपत्र बहुधा न वाचताच सही करून देतात. शेवटच्या वर्षात एखादा तास असे पत्र ओळीने वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवला, तर पुढे नोकरी बदलताना तो त्यांच्या नक्की उपयोगी पडेल.