मूळ शब्द आणि भाष्य : मार्कडाउनमधील विशेष खंडांची मांडणी

नियमातील उतारा, ठरावाचा मसुदा, हिशेबाचा तक्ता आणि त्यांवरील स्पष्टीकरण हे सारे पुष्कळदा एकाच टिपणीत येते. यांपैकी मूळ शब्द कोणते आणि लिहिणाऱ्याचे भाष्य कोणते, हे वाचणाऱ्यास पाहताक्षणी कळणे अगत्याचे असते. अन्यथा भाष्यच नियम म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो. संगणकावर लिहिताना हा भेद राखण्याचे एक सुलभ साधन म्हणजे ‘मार्कडाउन’ ही चिन्हपद्धती होय.

अमेरिकेतील जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ही पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या रचनेत अ‍ॅरन स्वार्ट्झ यांचे साहाय्य झाले होते. मजकूर साध्या अक्षरांत राहावा, तो तसाही वाचता यावा आणि मोजक्या चिन्हांवरून संगणकाने नीटनेटके पान सिद्ध करावे, हा तिचा हेतू आहे.

उताऱ्यासाठी ओळीच्या आरंभी ‘>’ हे चिन्ह द्यावयाचे असते. उतारा संपताच एक ओळ रिकामी सोडणे आवश्यक आहे. ती न सोडल्यास पुढील ओळ चिन्ह नसतानाही उताऱ्यातच सामील होते आणि आपले मत नियमाच्या पदरी पडते.

दुसरा प्रकार जसाच्या तसा ठेवावयाच्या मजकुराचा. एरवी लागोपाठच्या ओळी जोडून त्यांचा एकच परिच्छेद होतो. त्यामुळे ओळीओळीने लिहिलेली नावे एकापुढे एक येतात. असा मजकूर ‘```’ या तिहेरी चिन्हाच्या दोन ओळींमध्ये ठेवल्यास ओळी व मोकळ्या जागा कायम राहतात. मात्र शेवटचे तिहेरी चिन्ह राहून गेल्यास पुढील सर्व लेखन त्या खंडात ओढले जाते.

तक्त्याची सोय मूळ पद्धतीत नव्हती. ती पुढे जोडण्यात आली. रकाने ‘|’ या उभ्या रेघेने वेगळे करतात व शीर्षकाच्या ओळीखाली आडव्या रेघांची ओळ देतात. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने केवळ मोकळ्या जागा सोडून रकाने जुळविण्याचा प्रयत्न करू नये.

मराठी लेखकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१४ साली पुढे आलेल्या ‘कॉमनमार्क’ या नियमावलीनुसार क्रमवार यादीसाठी केवळ इंग्रजी अंकच ओळखले जातात. ‘१.’, ‘२.’ असे लिहून मुद्दे लागोपाठच्या ओळींत दिल्यास ते एकाच परिच्छेदात मिसळतात. अशा वेळी प्रत्येक मुद्द्यानंतर रिकामी ओळ सोडावी.

चिन्हे थोडी आहेत आणि ती अल्प सरावाने अंगवळणी पडतात. तथापि लेखन पुढे पाठविण्यापूर्वी तयार झालेले पान मूळ मजकुराशी एकवार ताडून पाहणे इष्ट ठरेल. उतारा कोठे संपतो हे ज्या पानावर स्पष्ट दिसते, त्या पानावर निर्धास्तपणे विसंबता येते.