‘देवमाणूस’ : खुनाच्या मालिकेत हसू का येतं?

सोलापूर : शुक्रवार पेठ असो वा एखादं खेडं, ‘देवमाणूस’ लागली की घरात दोन तट पडतात. सरू आजीच्या म्हणींवर एकाला हसू आवरत नाही, तर दुसऱ्याला ते हसूच खटकतं. असं का?

मालिका कशावर बेतलेली?
31 ऑगस्ट 2020 रोजी झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेमागे 2016 मध्ये उघडकीस आलेलं वाईचं हत्याकांड आहे. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या आरोपीवर सहा खुनांचा आरोप आहे.

हसू का येतं?
अजितकुमार (किरण गायकवाड) खुनी आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, गावाला नाही. गाव त्याला देव मानतं, तसा आपला जीव टांगणीला लागतो. विनोद तो ताण हलका करतो.

मग खटकतं काय?
खुनी आवडू लागतो आणि बळी पडलेली माणसं विसरली जातात. वाईत ती खरी माणसं होती. हसण्यात गैर नाही, त्यांना विसरण्यात आहे.

एवढं करा
नव्या डॉक्टरकडे जाताना नोंदणी क्रमांक पाहा. ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.