दुधाविनाचे स्वयंपाकघर

चैत्र आणि आश्विन या दोन महिन्यांत शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाची ओळी येते. आयंबिल करणाऱ्या घरात या नऊ दिवसांत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहाही विगया वर्ज्य असतात. दिगंबर परंपरेत सहा बाह्य तपांपैकी एक तप रसपरित्यागाचेच आहे. मध आणि लोणी यांची गणना तर मद्य-मांसाबरोबर महाविगयांत केली जाते. सारांश, दुधाविना वाढलेले ताट जैन घराला अपरिचित नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली 'व्हीगन' हा शब्द रूढ केला, त्याच्या कित्येक शतके आधीपासून आपल्या आजी-पणजी असे ताट वाढत आल्या आहेत.

दोहोंच्या हेतूंत मात्र अंतर आहे. आयंबिलात साधक स्वतःच्या जिभेला आवरतो. वनस्पतीजन्य आहार घेणारा, ज्या जिवाकडून दूध घेतले त्याचे पुढे काय झाले, असे विचारतो. हा प्रश्न जैन समाजातही नवा नाही. गुरुदेव चित्रभानू यांनी दूधत्यागाचा आग्रहाने पुरस्कार केला. अमेरिकेतील जैन शिक्षणकार्यात अग्रेसर असलेले प्रवीण शाह यांनी १९९५ मध्ये व्हर्माँट राज्यातील एका दुग्धशाळेला भेट दिली आणि तेथे जे पाहिले त्यानंतर दूध-तूप सोडले. त्यांनी लिहून ठेवलेला तो अनुभव परदेशातील अनेक जैन कुटुंबांना विचार करायला लावणारा ठरला. देगलूर-उदगीरच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबाला असा प्रश्न पडावा का? इथली गाय तर अंगणात वाढलेली, असे कोणीही म्हणेल.

दुधाचा बदललेला हिशोब

देगलूरच्या एका अंगाला कंधार आहे, दुसऱ्या अंगाला देवणी. दोन्ही गावांनी गोवंशाला आपली नावे दिली. लाल कंधारी प्रामुख्याने ओढकामाची जात. देवणी दूध आणि शेतकाम या दोन्हींसाठी नावाजलेली. या जातींच्या बळावर जी शेती उभी होती, तिच्यात गोऱ्हा जन्मला की घरात आनंद होई. तो उद्याचा बैल असे. वासराचे पोट भरून उरेल ते दूध घरात येई आणि त्यातून थोडे शेजारी जाई. त्या व्यवहारात गाय, गोऱ्हा आणि कुणबी या तिघांचीही सोय होती.

ट्रॅक्टर आला आणि या व्यवहाराचा एक पाय निखळला. गाय आता केवळ दुधासाठी पोसली जाते. दूध हवे तर गाय दरवर्षी विणार, आणि विणाऱ्या गाईंना होणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मे नर असणार. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशाची संख्या सुमारे १९.२५ कोटी होती; त्यांत माद्या सुमारे १४.५१ कोटी. नर उरले पावणेपाच कोटींच्या आतबाहेर. जन्मतः जवळपास समान असलेली संख्या काही वर्षांत तिनास एक होते, याचा अर्थ हिशोबाची वही पाहण्याची सवय असलेल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. परंतु म्हैस आणि रेडा त्या बंदीत येत नाहीत, आणि आपल्या घरांतील दुधाचा व तुपाचा मोठा भाग म्हशीचाच असतो. यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात चारा विकत घेऊन निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा पंधरा-वीस वर्षे सांभाळणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. दूध मागणारा जोवर आहे, तोवर त्या गोऱ्ह्याचा भारही दोघांचा आहे.

ताट आधीच अर्धे भरलेले

वनस्पतीजन्य आहार म्हटले की बदामाचे महागडे दूध आणि परदेशी डबे डोळ्यांपुढे येतात. देगलूरच्या बाजारात त्यांची गरज नाही. ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन, करडई, जवस, कारळ, तीळ आणि शेंगदाणे हे या भागाचे नित्याचे धान्य-गळीत आहे. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली अंबाडीची भाजी, येसराची आमटी, चकोल्या, कारळ-जवसाच्या चटण्या यांत दुधाचा थेंबही नसतो. हीच अंबाडी सीमेपलीकडे तेलंगणात गोंगुरा होते आणि कर्नाटकात पुंडी. तीन भाषांच्या या टापूने एक आंबट पाला तीन चवींनी खाल्ला आहे.

म्हणून पहिले काम एक आठवडाभर घरात दूध कोठे कोठे लागते ते टिपून ठेवण्याचे. बहुतेक घरांत चार नोंदी निघतील: चहा, दही-ताक, तूप आणि गोडधोड. त्या एकदम न सोडता एकेक करून सोडणे टिकाऊ ठरते.

ताक आणि कढीचा आंबटपणा चिंचेच्या किंवा आमसुलाच्या साराने भागतो. यात एक सोयही आहे: कच्च्या दही-ताकाबरोबर कडधान्य आल्याने होणारा द्विदल दोष येथे संभवतच नाही. धपाट्यांबरोबर दह्याऐवजी दाण्याची पातळ चटणी घ्यावी. वरणभातावरील तुपाची जागा जिरे-हिंगाची, करडई किंवा शेंगदाणा तेलातील फोडणी घेते. पुरणपोळीबरोबर पाण्यातली गुळवणी आणि कटाची आमटी असावी. तिळगूळ, चिक्की आणि गुळाची पोळी तर थोड्या काळजीने तुपाशिवाय होतात.

खिरीसाठी दाण्याचे दूध घरी करता येते. वाटीभर शेंगदाणे चार-पाच तास भिजवावेत, साले चोळून काढावीत, चार वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळावेत आणि मंद आचेवर ढवळत उकळावेत. सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून ते दूध पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे. कच्चे सोया पचनास बाधक असते. मग त्यात लिंबाचा रस घालून फाडावे आणि फडक्यात बांधून वजनाखाली ठेवावे, म्हणजे पनीरासारखा टोफू तयार होतो. या भागातील सोयाबीनचे तेल निघते आणि पेंड बहुतांशी पशुखाद्यात जाते. तेच पीक थेट ताटात येण्याची ही वाट आहे.

अन्यत्र छापलेल्या व्हीगन पाककृती जशाच्या तशा घेता येत नाहीत. त्यांत कांदा, लसूण, बटाटा, अळिंबी आणि यीस्ट यांचा सढळ वापर असतो. आल्याऐवजी सुंठ, लसणीऐवजी हिंग आणि बटाट्याऐवजी कच्चे केळे ही अदलाबदल आपल्या घरांना ठाऊकच आहे. दाण्याचे वा सोयाचे दूध त्याच दिवशी संपवावे. ते विरजण्याविषयी आपापल्या आम्नायाची मर्यादा जाणत्यांना विचारून पाळावी.

जेथे हयगय चालत नाही

जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते जे काही मिळते ते प्रामुख्याने दूध-दह्यातून, आणि तेही पुष्कळदा अपुरे. पुण्यात १९९३ मध्ये सुरू झालेल्या, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील माता-पोषण अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विसरभोळेपणा ही या उणिवेची लक्षणे वयोमानाच्या नावाखाली दुर्लक्षिली जातात. दूध सोडायचे तर आधी रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी नियमित घ्यावी. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढती मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत हा नियम कधीही मोडू नये. अहिंसेचे व्रत घरातल्या बालकाच्या आरोग्यावर बेतले, तर ते व्रत राहत नाही.

औषध घेतानाही पारख हवी. बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते. परंतु कॅप्सूलचे कवच अनेकदा प्राण्यांच्या हाडा-चामड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. ड जीवनसत्त्वाचा डी-३ हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनवतात. दुकानदाराला विचारून गोळीच्या रूपातील पर्याय घ्यावा.

प्रौढाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३६० मिलिग्रॅम असते आणि तेवढ्याच तिळात हजाराहून अधिक. मात्र तिळातील सारेच अंगी लागत नाही, म्हणून नाचणीची भाकरी, तिळाचा कूट, शेवग्याचा पाला यांचा रोज मेळ घालावा. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. दोन्ही जेवणांत डाळ, आणि जोडीला दाणे किंवा सोया असेल तर ती सहज मिळतात.

दुकान आणि घर

किराणा व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी एक भेद ध्यानात ठेवावा. पाकिटावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे. त्या पदार्थात दुधाची भुकटी असू शकते. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणि चिन्ह आणले. गिऱ्हाईक विचारू लागले आहे, तेव्हा गल्ल्यावर बसणाऱ्याला हा फरक सांगता आला पाहिजे.

घरात सक्ती नसावी. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या पेल्यातील दूध काढून घेणे हा अहिंसेचा प्रारंभ नव्हे. सुनेने ठरवले म्हणून सासूबाईंचे तूप बंद, किंवा मुलाने ठरवले म्हणून आईला दोन स्वयंपाक, असे झाले तर कटुता वाढते. आठवड्यातून एक तिथी सर्वांनी मिळून दुधाविना पाळावी आणि बाकीचे ज्याच्या त्याच्या पचखाणावर सोडावे, हा मार्ग बरा.

राहता राहिला तो गोऱ्हा. एका घराने दूध बंद केल्याने आज जन्मलेल्या वासराला चारा मिळत नाही. दुधावर होणारा महिन्याचा खर्च वहीत वेगळा काढून जवळच्या पांजरपोळाला दिला, तर या त्यागाला निश्चित रक्कम आणि निश्चित पत्ता मिळतो. व्यापारी घरांनी पांजरपोळ पिढ्यान्‌पिढ्या चालवले आहेत. त्या दानखात्यात ही एक नवी जमा व्हावी.