जोर दंडात नाही, कमरेत आहे!

सॉफ्टबॉल किंवा बेसबॉलचा लांब गेलेला फटका पाहिला की वाटते, हे दंड भरलेल्या मुलाचेच काम. आपला पोरगा हडकुळा, पोरगी त्याहून बारीक. मग घरातले म्हणतात, "तुझ्यात तेवढा दम कुठाय?" आम्ही म्हणतो, हा समज खोटा आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच घरात आहे.

जालना असो की परतूर, स्लॅबच्या कामावर घमेल्यांच्या रांगेत आपली माणसे उभी असतात. उजवीकडून घमेले घ्यायचे, डावीकडे द्यायचे. नवखा गडी नुसत्या हातांनी ओढतो आणि तासाभरात त्याचे खांदे भरून येतात. मुरलेली बाई पाय रोवते, कंबर वळवते आणि घमेले आपसूक पुढे जाते. जोर पायांतून निघतो, कमरेतून हातांत येतो. बॅटच्या फटक्याचे शास्त्रही हेच आहे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा खांदा चेंडू टाकणाऱ्याकडे करून उभे राहावे. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले, भार उजव्या पायावर. चेंडू सुटताच डावा पाय वीतभर पुढे टाकावा. डावी टाच टेकली की उजवा पाय चवड्यावर वळवावा, म्हणजे टाच उचलली जाते आणि कंबर चेंडू टाकणाऱ्याकडे वळते. त्यामागून छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी बॅट. हा क्रम मोडला की जोर वाटेतच सांडतो. पुढचा पाय खुंटासारखा घट्ट हवा. तो ढिला पडला तर सारे अंग पुढे वाहून जाते.

थोरल्यांच्या बेसबॉलमध्ये वेगाने टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. हात लांब करून बॅट घुमवायला वेळच नसतो, म्हणून हात अंगाजवळून आणावेत. डोके हलू देऊ नये. सुरुवातीला हनुवटी डाव्या खांद्याजवळ असते, फटका संपताना ती उजव्या खांद्याजवळ आली पाहिजे. डोके जागेवर राहिले आणि खांदे त्याच्याखालून फिरले, एवढाच त्याचा अर्थ.

सामान नाही म्हणून अडू नका. १८८७ मध्ये शिकागोत सॉफ्टबॉलचा जन्म झाला तो बांधलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा आणि झाडूचा दांडा यांवर. आपण चिंध्यांचा चेंडू करून लिंबाला कमरेइतक्या उंचीवर टांगावा. आधी काठी पाठीमागे दोन्ही कोपरांत अडकवून नुसती कंबर वळवावी. ते जमले की काठीने हळू फटके मारावेत. आजूबाजूला लहान मुले नाहीत हे पाहावे. पाठ दुखली तर थांबावे. खऱ्या चेंडूसमोर हेल्मेटशिवाय उभे राहू नये.

शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉलचे मुलींचेही संघ असतात. आपल्या शाळेचा संघ आहे का, हे गुरुजींना विचारा. नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. नियमात बसल्यास दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते, तीही विचारून घ्या. प्रमाणपत्रे जपून ठेवा. मुलगा मैदानावर आणि मुलगी भांड्यापाशी, हा जुना न्याय बाबासाहेबांच्या लेकरांच्या घरात शोभत नाही.

अमेरिकेत काळ्या खेळाडूंना मोठ्या बेसबॉलची दारे अनेक दशके बंद होती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ते दार उघडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेब घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. रॉबिन्सनला प्रेक्षकांच्या शिव्या खाव्या लागल्या, तरी तो खेळत राहिला. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये तिथल्या सर्व संघांनी सन्मानाने राखून ठेवला.

दार उघडल्यावर आत जाण्यासाठी तयारी लागते आणि ती कष्टकऱ्यांच्या अंगात आधीच आहे. येत्या रविवारी वंदना झाली की विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पोरापोरींना गोळा करा. घमेले कसे वळवायचे, ते त्यांना त्यांच्या आईनेच दाखवावे. जयभीम!